आधी काम काढा, मग खुर्ची

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ३ एप्रिल २०१८ रोजी मतदारांना विचारलं गेलं, की राज्याच्या कोषाध्यक्षाचं, म्हणजे स्टेट ट्रेझररचं, पद राज्यघटनेतून काढून टाकायचं का? सुमारे ६२ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. तेव्हापासून हा निकाल दोनच तऱ्हांनी सांगितला जातो. एक बाजू म्हणते, लोकांना काही कळलं नाही, बिनकामाच्या माणसाला वर्षाला सुमारे ७० हजार डॉलर देत राहायचं त्यांनी ठरवलं. दुसरी म्हणते, लोकांनी तिजोरीचा राखणदार वाचवला. पहिल्या बाजूला हे आठवत नाही की तो बिनकामाचा झाला कसा. दुसरीला हे मान्य करायचं नाही की ज्याला वाचवलं त्याच्याकडे तिजोरीची किल्ली उरलीच नव्हती. माझ्या मते मतदारांनी दिलेलं उत्तर बरोबर होतं, पण त्यांना घातलेला प्रश्न लबाड होता. पैसा कुणाच्या ताब्यात राहणार, तो खर्च करायचा हुकूम कुणाचा, आणि या दोघांना अडवू शकेल असा तिसरा कोण, हे आधी सांगायला हवं. ते न सांगता नुसत्या खुर्चीवर कौल मागणं म्हणजे लोकांना अर्धंच प्रकरण दाखवणं.

विस्कॉन्सिनची घटना १८४८ सालची. कोषाध्यक्ष लोकांनी निवडावा असं तिच्यात आहे, त्याने करायचं काय ते मात्र, पुढे येणारा एक अपवाद सोडला तर, नाही. सहाव्या अनुच्छेदात एवढंच म्हटलं आहे, की त्याचे अधिकार, कर्तव्यं आणि मानधन कायद्याने ठरेल. सगळी मेख इथे आहे. पद काढायचं तर लागोपाठ दोन विधिमंडळांची मंजुरी हवी आणि वर सार्वमत. काम काढून घ्यायला मात्र अंदाजपत्रकात घुसवलेलं एक कलम पुरतं. झालंही तसंच. राज्याच्या रोख रकमेचं व्यवस्थापन गव्हर्नरच्या, म्हणजे लोकांनी निवडलेल्या राज्यप्रमुखाच्या, हाताखालच्या प्रशासन विभागाकडे गेलं. महाविद्यालयीन शिक्षणासाठीच्या बचत योजना गेल्या, गावा-शहरांच्या शिलकी पैशांची एकत्रित गुंतवणूक गेली. शेवटी बेवारस ठेवी मूळ मालकांना शोधून परत करण्याचं कामही महसूल विभागाने उचललं. सामान्य माणसाला कोषाध्यक्ष माहीत असायचा तो याच कामामुळे. हे सारं दोन्ही पक्षांच्या गव्हर्नरांच्या काळात घडलं, त्यामुळे एकाच पक्षाच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही. कार्यालय विधिमंडळाच्या कॅपिटॉल इमारतीच्या तळघरात जाऊन पडलं. मग २०१० मध्ये कर्ट शुलर आणि २०१४ मध्ये मॅट ॲडमचिक हे दोन रिपब्लिकन ‘मला निवडून द्या, मी हे पदच बंद पाडतो’ असं सांगून निवडून आले. यातली गंमत सोडून देऊ. पण पंधराएक वर्षं एखाद्याच्या हातातलं एकेक काम काढून घ्यायचं आणि मग ‘हा तर रिकामाच बसलेला असतो’ म्हणून त्याला घालवायची मागणी करायची, याला काटकसर म्हणवत नाही.

काटकसरीचा हिशेब करायचाच तर पुरता करू. विस्कॉन्सिनचं २०१७ ते २०१९ या दोन वर्षांचं अंदाजपत्रक सुमारे ७,६०० कोटी डॉलरचं होतं. कोषाध्यक्षाचा पगार वार्षिक खर्चाशी ताडून पाहिला तर दर एक लाख डॉलरमागे जेमतेम १८ सेंट निघतात. तेही वाचवावेत, माझी हरकत नाही. पण इतक्या रकमेसाठी कुणी दोन विधिमंडळं आणि एक सार्वमत खर्ची घालत असेल, तर बचतीखेरीज आणखी काय पदरात पडणार होतं, हे विचारायला नको?

त्याचं उत्तर मतपत्रिकेवरच्या त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्यात होतं, आणि प्रचारात त्यावर फारच थोडे बोलले. कोषाध्यक्षाकडे घटनेने दिलेली एक जबाबदारी शिल्लक होती. सार्वजनिक जमिनींच्या आयुक्त मंडळावर तीन माणसं बसतात: सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या अधिकृत दस्तऐवजांचा राखणदार), ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) आणि कोषाध्यक्ष. राज्य झालं तेव्हा केंद्र सरकारने दर टाउनशिपमधला, म्हणजे जमीनमोजणीतल्या ३६ भागांच्या चौकोनातला, सोळावा भाग शाळांसाठी दिला होता. त्या जमिनी विकून उभा राहिलेला शाळानिधी आज १०० कोटी डॉलरच्या वर आहे. त्यातून गावांना आणि शाळा-जिल्ह्यांना कर्जं मिळतात आणि येणारं व्याज सरकारी शाळांच्या ग्रंथालयांना जातं. दुरुस्ती म्हणत होती, की कोषाध्यक्षाच्या जागी या मंडळावर लेफ्टनंट गव्हर्नरला, म्हणजे उपगव्हर्नरला, बसवा. आता विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर जोडीनेच निवडून येतात. मतदाराला एकाला मत देऊन दुसऱ्याला नाकारता येत नाही. म्हणजे ज्या मंडळाचे तिन्ही सभासद आजवर गव्हर्नरपासून स्वतंत्रपणे निवडून येत होते, तिथे एक जागा गव्हर्नरच्या जोडीदाराला मिळणार होती. शाळांच्या निधीच्या तीन मतांपैकी एक मत दुसऱ्याच्या दारी जात असताना चर्चा काय रंगली होती? पगाराची.

पद रद्द करा म्हणणाऱ्यांचे काही मुद्दे मात्र खरोखर वजनदार आहेत, आणि ते पगाराच्या मुद्द्यापेक्षा कितीतरी जुने आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आखूड मतपत्रिकेची चळवळ झाली. रिचर्ड चाइल्ड्स तिचा प्रवर्तक आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन तिच्या संघटनेचे अध्यक्ष. त्यांचा युक्तिवाद साधा होता. मतदार एका दिवशी तीस-चाळीस जणांना पारखून निवडू शकत नाही. अनोळखी नावांच्या लांबलचक यादीचा फायदा होतो तो पक्षाच्या मुकादमांना. त्यापेक्षा थोड्याच माणसांना निवडा, त्यांना भरपूर अधिकार द्या आणि सगळा जाब त्यांनाच विचारा. आज विस्कॉन्सिनच्या दहा मतदारांना कोषाध्यक्षाचं नाव विचारलं तर किती जण सांगतील? ज्याचं नावही ठाऊक नाही त्याच्यावर लोकांचा अंकुश आहे, हे बोलणं पोकळच.

निवडणुकीने माणूस सच्चा ठरत नाही, हा दुसरा मुद्दाही इतिहासाने अनेकदा पटवला आहे. केंटकी राज्याचे कोषाध्यक्ष जेम्स टेट यांना लोक ‘ऑनेस्ट डिक’ म्हणायचे. १८६७ पासून दर निवडणुकीत ते आरामात निवडून येत. मार्च १८८८ मध्ये ते सुमारे अडीच लाख डॉलर घेऊन पसार झाले, ते पुन्हा कधी सापडलेच नाहीत. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) प्रसंग याहून जिव्हारी लागणारा आहे. तिथले निवडून आलेले कोषाध्यक्ष रॉबर्ट सिट्रन लोकांच्या ठेवींवर कर्ज काढून व्याजदरांचा जुगार खेळत होते. १९९४ च्या निवडणुकीत त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन मूरलाक यांनी हा धोका जाहीरपणे मांडला. मतदारांनी ऐकलं आणि तरीही जूनमध्ये सिट्रन यांनाच निवडलं. डिसेंबरमध्ये सुमारे १६० कोटी डॉलर बुडाले आणि काउंटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ‘निवडून आलेला राखणदार’ या घोषणेवर विसंबणाऱ्यांनी हे प्रकरण विसरून चालणार नाही.

पण या दोन्ही कथांमधून पद रद्द करण्याचा निष्कर्ष निघतो का? टेट वीस वर्षं निर्धास्त राहिले, कारण त्यांच्या वह्या दुसरं कुणी नियमितपणे उघडून पाहतच नव्हतं. केंटकीने १८९१ च्या नव्या घटनेत कोषाध्यक्षाला लागोपाठ पुन्हा निवडून येण्याची बंदी घातली, पद ठेवलं. सिट्रन यांच्या बाबतीतही दुखणं त्यांच्या निवडून येण्यात नव्हतं. गुंतवणूक ते ठरवणार, तिच्यासाठी कर्ज ते काढणार आणि काउंटीच्या पर्यवेक्षकांना तिचा हिशेबही तेच सांगणार, यात होतं. आणि इथे विरोधी उमेदवार होता म्हणून धोक्याचा निदान उच्चार तरी झाला. गव्हर्नरने नेमलेल्या विभागप्रमुखाविरुद्ध असा उमेदवार उभा राहणार कुठून?

सत्ता एकवटली की काय होतं याचा सगळ्यांत स्वच्छ धडा इलिनॉयने दिला. तिथे ऑडिटर ऑफ पब्लिक अकाउंट्स नावाचं निवडून येणारं पद होतं. सरकारी देणी चुकवण्याचे हुकूम म्हणजे वॉरंट हाच माणूस काढायचा, हिशेब तपासायची जबाबदारी त्याचीच, आणि राज्यातल्या बँकांवर देखरेखही त्याचीच. १९५६ मध्ये ऑरव्हिल हॉज यांनी या तिन्ही गोष्टी एकत्र वापरून दाखवल्या. खोट्या नावांची वॉरंटं काढायची, ती एका बँकेत वटवायची, आणि तपासणारे आपणच. दहा लाखांहून अधिक डॉलर असे गेले. ते उघडकीला आणलं सरकारी यंत्रणेने नव्हे, ‘शिकागो डेली न्यूज’च्या वार्ताहरांनी. त्यानंतर १९७० च्या घटनेने कामं तोडून वेगळी केली. हुकूम काढणारा कंट्रोलर वेगळा, पैसा सांभाळणारा ट्रेझरर वेगळा, दोघंही लोकांनी निवडलेले, आणि तपासणी करणारा महालेखापरीक्षक तिसराच. आता तिथे ही दोन पदं पुन्हा एक करा अशी मागणी अधूनमधून होते, वर्षाला सुमारे १.२ कोटी डॉलर वाचतील असा अंदाजही दिला जातो. कदाचित वाचतीलही. पण ती दोन पदं कुणाच्या हौसेने झाली नव्हती.

मराठी वाचकाला ही रचना परकी वाटायचं कारण नाही. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी असत. एकाच्या मनात आलं म्हणून किल्ला शत्रूला देता येऊ नये, यासाठी कारभार तिघांच्या संमतीने चाले. पगार तीन, कटकटी तीन, निर्णयाला वेळही तिप्पट. पण नेमक्या याच वाटणीने गड राखला जाई. आजच्या ग्रामपंचायतीत तेच तत्त्व छोट्या रूपात आहे: पंचायतीच्या खात्यातून पैसे काढायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक (आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’) दोघांची सही लागते. सरपंच थेट लोकांतून निवडावा की सदस्यांतून, यावर आपण २०१७, २०२० आणि २०२२ असा तीनदा कायदा फिरवला. दुसऱ्या सहीवर मात्र त्या तिन्ही वेळा फारसं कुणी भांडलं नाही, आणि माझ्या दृष्टीने गावचा पैसा जास्त सांभाळला आहे तो त्या सहीने.

आता पद रद्द करणाऱ्यांचा हुकमी पत्ता: टेक्सास, फ्लोरिडा, मिनेसोटा. टेक्सासच्या कोषाध्यक्ष मार्था व्हाइटहेड यांनी १९९४ ची निवडणूकच आपलं पद संपवण्याच्या वचनावर लढवली. १९९५ मध्ये मतदारांनी होकार दिला, १९९६ मध्ये काम कंट्रोलरकडे गेलं, आभाळ कोसळलं नाही. फ्लोरिडाने १९९८ च्या सार्वमतात ट्रेझरर आणि कंट्रोलर एकत्र करून चीफ फायनान्शियल ऑफिसर हे पद केलं. त्याच वर्षी मिनेसोटाने कोषाध्यक्षपद रद्द केलं, ते जानेवारी २००३ मध्ये संपलं. ही उदाहरणं खोडून काढायचा प्रयत्न मी करणार नाही, ती खरी आहेत. पण ती नीट वाचायला हवीत. टेक्सासचा कंट्रोलर लोकांनी निवडलेला आहे. फ्लोरिडाचा नवा अधिकारीही. मिनेसोटात रोजचं काम गव्हर्नरने नेमलेल्या वित्त आयुक्ताकडे गेलं हे खरं, पण तिथे राज्याचा लेखापरीक्षक लोक निवडतात, आणि पेन्शनचा पैसा पाहणाऱ्या गुंतवणूक मंडळावर गव्हर्नरसह चार निवडून आलेली माणसं बसतात. तिन्ही ठिकाणी एक खुर्ची गेली, पण तिजोरीकडे डोळा ठेवणारं, गव्हर्नरच्या मर्जीवर नसलेलं निदान एक निवडलेलं माणूस उरलं. विस्कॉन्सिनमध्ये निवडून येणारा कंट्रोलर नाही, निवडून येणारा लेखापरीक्षकही नाही. विधिमंडळाचा लेखापरीक्षण विभाग आहे, आणि त्याचं काम चांगलं आहे असं दोन्ही पक्षांचे लोक म्हणतात. पण तो बघतो पैसा खर्च झाल्यानंतर, आणि बांधील असतो अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या विधिमंडळालाच. झालेला खर्च तपासणं आणि चुकीचं देणं हातातून सुटायच्या आधी रोखणं ही दोन वेगळी कामं आहेत.

एक आक्षेप मला खरोखर अडचणीत टाकतो. कोषाध्यक्षाच्या त्या उरल्यासुरल्या अधिकाराचं काय झालं ते पाहा. एप्रिल २०१५ मध्ये जमीन आयुक्त मंडळाने दोन विरुद्ध एक मतांनी आपल्या कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत हवामानबदलावर काम करायला बंदी घातली. जंगलाच्या जमिनी सांभाळणाऱ्या कचेरीत हवामानाचा विषय निषिद्ध! पुढाकार कोषाध्यक्ष ॲडमचिक यांचा, साथ ॲटर्नी जनरल ब्रॅड शिमेल यांची, विरोध सेक्रेटरी ऑफ स्टेट डग ला फॉलेट यांचा. त्या वेळी मंडळाच्या कार्यकारी सचिव होत्या टिया नेल्सन, पृथ्वी दिन सुरू करणाऱ्या गेलॉर्ड नेल्सन यांच्या कन्या. म्हणजे स्वतंत्र खुर्ची मिळाली तर माणूस तिच्यावरून पोरकटपणाही करू शकतो. याला माझं उत्तर एवढंच: ते मत नोंदलं गेलं, विरोधी मतही नोंदलं गेलं, देशभर बातमी झाली, आणि २०१८ च्या निवडणुकीनंतर मंडळावरची माणसं बदलल्यावर ती बंदी उठवली गेली. हाच आदेश एखाद्या विभागाच्या अंतर्गत परिपत्रकातून निघाला असता तर त्यावर मतदान कुणी आणि कधी केलं असतं?

कर्तव्यं बदलून दुखणं बरं करता येतं, याचा दाखला कनेक्टिकटमध्ये आहे. तिथला कोषाध्यक्ष पेन्शन निधीचा जवळजवळ एकटा मालक होता. १९९७ मध्ये गव्हर्नरने रिकाम्या जागी पॉल सिल्व्हेस्टर यांना नेमलं. १९९८ ची निवडणूक ते हरले, आणि पद सोडण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यांत त्यांनी कोट्यवधी डॉलरच्या गुंतवणुका आपल्या माणसांना दलाली मिळेल अशा ठिकाणी करून टाकल्या. १९९९ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. (ज्यांना नेमलेला माणूस निवडलेल्यापेक्षा आपोआप स्वच्छ वाटतो, त्यांनी इथे जरा थांबावं.) राज्याने काय केलं? पद मोडलं नाही. कोषाध्यक्षाच्या निर्णयांवर सल्लागार मंडळाची देखरेख वाढवणारा आणि दलालीला लगाम घालणारा कायदा २००० साली केला. न्यूयॉर्कने हे केलं नाही. तिथे कंट्रोलर आजही पेन्शन निधीचा एकमेव विश्वस्त आहे, आणि ॲलन हेवेसी यांनी त्या एकट्या सहीच्या बदल्यात भेटवस्तू घेतल्याचं २०१० मध्ये न्यायालयात मान्य केलं, पुढे तुरुंगातही गेले.

हे सगळं मांडल्यावरही २०१८ च्या निकालाने साजरं करण्यासारखं काय मिळालं, असं कुणी विचारलं तर मला फारसं काही दाखवता येणार नाही. पद वाचवण्याच्या मोहिमेत जॅक व्हॉइट हे जुने रिपब्लिकन कोषाध्यक्ष होते आणि सारा गॉडलुस्की या डेमोक्रॅटही. नोव्हेंबरमध्ये गॉडलुस्कीच कोषाध्यक्ष झाल्या. २०२३ पासून त्या खुर्चीवर रिपब्लिकन जॉन लीबर आहेत. पक्ष बदलले, रोकड मात्र प्रशासन विभागातच राहिली आणि बेवारस ठेवी महसूल विभागात. आपल्याकडे मुंबईच्या महापौराचं हेच झालेलं आहे: १८८८ च्या कायद्याने कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे दिलेले, आणि दर निवडणुकीत आपण मात्र महापौर कोण होणार यावर रात्री जागवतो. असं नामधारी पद नुसतं जिवंत ठेवणं घातकही ठरू शकतं, कारण राखणदार आहे अशी लोकांची समजूत होऊन बसते.

म्हणून विस्कॉन्सिनच्या मतपत्रिकेवर खरा प्रश्न यायचा तर तो सहाव्या अनुच्छेदाबद्दल यायला हवा. ‘अधिकार कायद्याने ठरतील’ या शब्दांच्या जागी दोन-तीन कामं घटनेतच लिहा: राज्याची रोकड कोषाध्यक्षाच्या ताब्यात राहील, कायद्याने मंजूर नसलेलं देणं तो अडवू शकेल, आणि शिलकीचा हिशेब तो दरमहा जाहीर करील. बेवारस ठेवी महसूल विभागाकडेच राहू द्या, ते काम तिथे चांगलं चालतं आणि त्यासाठी स्वतंत्र निवडणूक नको, हे मला मान्य आहे. ही कामं घटनेत लिहायची नसतील, तर पद रद्द करण्याचा प्रस्ताव खुशाल पुन्हा आणा, पण सोबत निवडून येणारा लेखापरीक्षक द्या आणि जमीन मंडळावरची जागा गव्हर्नरच्या जोडीदाराला देऊ नका. तसा प्रश्न आला तर मी स्वतः ‘हो’च्या बाजूने लिहीन. अडचण अशी, की शेजारच्या मिशिगनमध्ये किंवा दूरच्या कॅलिफोर्नियात नागरिक सह्या गोळा करून घटनादुरुस्ती थेट मतपत्रिकेवर आणू शकतात, विस्कॉन्सिनमध्ये ती सोय नाही. तिथे घटनादुरुस्तीचा प्रश्न लिहायचा अधिकार विधिमंडळाचा, आणि कोषाध्यक्षाची कामं कायदे करून काढून घेतली तीही विधिमंडळानेच.